एमआरआय नॉर्मल आहे, मग डोकं का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सहा महिन्यांपूर्वी साधाच कोविड झाला, भरती व्हायची वेळ आली नाही. आता बोलताना शब्द अडतात, कॉफीला जळक्या रबराचा वास येतो, एमआरआय नॉर्मल आहे, डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात आणि ‘मेंदू आकसतो’ ही बातमी वाचून झोप उडालीय. शिवाय मेंदूच्या टॉनिकबद्दल विचारलंय.

आधी ती बातमी. ती २०२२ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या ब्रिटिश अभ्यासावरची. यूके बायोबँक या आरोग्य-माहितीच्या साठ्यातल्या ७८५ जणांचे मेंदूचे स्कॅन दोनदा काढले होते, मधल्या काळात ४०१ जणांना कोविड होऊन गेला. मेंदूच्या वासाशी संबंधित भागांत त्यांची घट इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्क्यांनी जास्त निघाली. पण ही गटाची सरासरी, तीही ५१ ते ८१ वयाच्या लोकांची. एका माणसाच्या एका स्कॅनवर एवढासा फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे बातमीवरून स्वतःचं भविष्य काढू नका, आणि नॉर्मल एमआरआयवरून ‘मनाचे खेळ’ असंही कुणाला म्हणू देऊ नका. गाठ, पक्षाघात वगैरे नाही, इतकंच तो सांगतो.

कॉफीचं मात्र ऐकून मला बरं वाटलं! हा विषाणू वासाच्या चेतापेशींवर सहसा थेट चाल करत नाही. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना पकडतो, कारण त्याला शिरकाव देणारा एसीई-२ हा प्रथिनाचा रेणू त्यांच्यावर असतो. आधार गेला की चेतापेशीही बंद पडतात. पुढे नव्या पेशी उगवतात, पण त्यांच्या तारा सुरुवातीला भलतीकडेच जोडल्या जातात. कॉफीत गंधकयुक्त रेणू असतात, ते कणभर असले तरी नाकाला कळतात, म्हणून घोटाळा तिथे हमखास होतो. मलाही हे झालं होतं; मग आल्हाद देणारा कपच ओकारी आणतो. पण पूर्ण वासहीनतेनंतर असा विचित्र वास येणं हे बहुधा दुरुस्ती सुरू असल्याचं लक्षण. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास रोज दोनदा, प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद, हलकेच हुंगा. नुसतं नाक लावून उपयोग नाही, तो वास मनात आठवायचा. किमान तीन महिने.

शब्द अडण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. संशय मुख्यतः प्रतिकारशक्तीवर आहे: मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी चवताळलेल्याच राहतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर झिरपतं. २०२४ साली एक लाखाहून अधिक लोकांच्या आकलन-चाचण्यांचा ब्रिटिश अभ्यास आला. कोविडची लक्षणं टिकून असलेल्यांचे गुण कोविड न झालेल्यांपेक्षा बुद्ध्यंकाच्या हिशेबाने साधारण सहाने कमी. पण लांबलेली लक्षणं ज्यांची अखेर गेली, त्यांची घट लवकर बरे झालेल्यांइतकीच किरकोळ होती. माझ्या मते तुमच्यासाठी महत्त्वाची बातमी ही.

आता करायचं काय? बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासून घ्या. झोपेत घोरणं, श्वास अडकणं आहे का ते घरच्यांना विचारा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या पिढीतल्या गोळ्याही डोकं जड करतात. उभं राहिल्यावर डोक्यातलं हे धुकं, म्हणजे न सुचणं, वाढत असेल तर दहा मिनिटं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत पुन्हा मोजा. ती तीसने किंवा जास्त वाढून तशीच राहिली तर डॉक्टरांना ‘पॉट्स’ (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार) हा शब्द सांगा. जास्त काम झाल्यावर एक-दोन दिवसांनी आडवे पडत असाल, तर ‘व्यायामाने जाईल’ हा सल्ला सोडा आणि थकण्याआधीच थांबा.

अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, किंवा पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा दिसला तर इथे विचारत बसू नका, थेट तातडीचा विभाग गाठा.

टॉनिकचं म्हणाल तर तपासणीत कमतरता निघाली असेल तेवढीच गोळी घ्या, बाकी पैसे वाचवा.