डायल-अपवर छोट्या कंपनीचा मेल सर्व्हर कसा चालायचा?

तुम्ही विचारलंय की नेट फोनच्या लाइनवरून डायल करून लावायचं, चोवीस तास नसायचं तेव्हा छोट्या कंपन्या स्वतःचा मेल सर्व्हर कसा ठेवायच्या, लाइन बंद असताना आलेला मेल जायचा कुठे. २००० च्या आसपास भोसरी एमआयडीसीतल्या तीन-चार वर्कशॉपना मी हे बसवून दिलंय, म्हणून सांगतो.

मेल थेट आपल्या मशीनवर यायचाच नाही. डायल केलं की दर वेळी वेगळा आयपी (नेटवरचा मशीनचा पत्ता), मग डोमेनचा एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ती नोंद) आपल्याकडे वळवणार कसा? तो आयएसपीकडेच, म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीकडेच असायचा, मेल तिथे साठायचे आणि ऑफिसात कोपऱ्यात ठेवलेलं लिनक्सचं जुनं पेंटियम मशीन क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्रॅम) तासातासाला मोडेम लावायचं, फेचमेल या प्रोग्रॅमने साठलेले सगळे मेल खाली ओढायचं, पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या रांगेतलं आयएसपीच्या सर्व्हरकडे ढकलायचं आणि फोन ठेवायचं. लाइन एकच, त्यावरच फॅक्स, म्हणून वेळा मालकांना विचारूनच ठरवायचो.

यात पोस्टफिक्सला बजावून ठेवायला लागायचं की बाहेरचा मेल लगेच पाठवू नको, रांगेत राहू दे. एके ठिकाणी आधीच्या माणसाने ऑटो-डायल (नेटची गरज पडली की मोडेमने आपणहून फोन लावायचा) चालू ठेवलेलं, कुणी शेजारच्या टेबलाला मेल टाकला तरी नुसतं डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं) विचारायला मोडेम फोन लावायचा, बिल बघून मालक हैराण.

आणि ऑफिसातच सर्व्हर असण्याचा फायदा खरंच मोठा होता हो. ३ एमबीचं ड्रॉइंग अटॅच केलं की ४ एमबी होतं, आणि ५६केचा मोडेम असला तरी अपलोड ३३.६केच्या वर जात नाही, म्हणजे पाव तास तरी गेलाच. डिझाइनकडून परचेसला जाणारं असं ड्रॉइंग आता बाहेर न जाता लॅनवरच्या लॅनवर (ऑफिसातल्या नेटवर्कवरच) पोचायचं.

खरी गोची मल्टीड्रॉपची. स्वस्त पॅकेजमध्ये अख्ख्या डोमेनला एकच पॉप३ मेलबॉक्स (जिथून मेल खाली ओढायचे तो) मिळायचा, सगळ्यांचे मेल त्यात एकत्र, आणि कुठला कुणाचा हे फेचमेलने हेडर (मेलच्या वरच्या टू, फ्रॉमच्या ओळी) बघून ओळखायचं. पण हेडर म्हणजे आतला कागद, पाकिटावरचा पत्ता नाही! बीसीसीने आलेल्या मेलच्या हेडरमध्ये आपल्या माणसाचं नावच नसतं. एका वर्कशॉपला आलेली इन्क्वायरी अशीच पोस्टमास्टरच्या खात्यात, जिथे कुणाचा ते न कळलेला मेल जातो, नऊ दिवस पडून राहिली, कोटेशनची तारीख गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं कारण काम त्यांच्या हातातलं होतं.

तेव्हापासून मी आयएसपीकडून आधी कबूल करून घ्यायचो की पाकिटावरचा पत्ता ते एका वेगळ्या हेडरमध्ये लिहून देतील, फेचमेलला तो वाचायला सांगता येतं. नाही म्हणाले तर माणसागणिक वेगळा पॉप मेलबॉक्स, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ईटीआरएन ही सोय सगळ्यात चांगली, त्यात लाइन लागली की आयएसपीचा सर्व्हर रांगेतला मेल एसएमटीपीनेच (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीने) आपल्याकडे पाठवतो आणि पाकिटावरचा पत्ता शाबूत राहतो, पण त्याला बहुतेक करून फिक्स आयपी लागायचा. आणि काहीही केलं तरी पोस्टमास्टरचं खातं ऑफिसातल्या एका माणसाच्या नावाने लावून द्यायचो, रोज सकाळी चहाच्या आधी उघडायचं म्हणून.