क्वांटम कॉम्प्युटरची चिप नखाएवढी, मग ती गार करायला एवढं मोठं धूड कशाला? लिक्विड नायट्रोजन ओतून भागत नाही का?

नाही भागत. नायट्रोजन उकळतो 77 केल्विनला (केल्विन म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेलं तापमान), आणि या चिपा असतात अ‍ॅल्युमिनियम नाहीतर नायोबियमच्या. नायोबियम सुपरकंडक्टर (विजेला अजिबात विरोध न करणारा) होतो 9.2 केल्विनला, अ‍ॅल्युमिनियम तर 1.2 च्या आसपास. बरं तेवढ्यानेही काम होत नाही, क्युबिट, म्हणजे चिपवरचा माहिती धरणारा मूळ घटक, साधारण 5 गिगाहर्ट्झवर चालतो, ती एनर्जी तापमानात मोजली तर जेमतेम 0.24 केल्विन भरते, त्यामुळे आजूबाजूला त्याहून बरीच जास्त थंडी नसेल तर क्युबिट आपला आपणच 0 वरून 1 वर उड्या मारत बसतो. म्हणून 10-20 मिलिकेल्विन, म्हणजे केल्विनचा हजारावा भाग गुणिले 10-20.

तिथे पोचायला डायल्यूशन फ्रिज लागतो. हेलियम-3 आणि हेलियम-4 (हेलियमचेच हलका आणि जड असे दोन प्रकार) यांचं मिश्रण 0.87 केल्विनच्या खाली गेलं की तेल-पाण्यासारखे दोन थर होतात, वरच्या थरातलं हेलियम-3 खालच्यात जाताना उष्णता ओढून नेतं, माठातलं पाणी पाझरून उडतं ना, साधारण तसंच.

पण खरी डोकेदुखी चिप नाहीच, वायरी आहेत! 20 मिलिकेल्विनला फ्रिजची ताकद असते दहा-वीस मायक्रोवॅट, आणि वायरींचं दुसरं टोक असतं आपल्या रूममध्ये, 300 केल्विनला. फोटोत जे सोनेरी झुंबर दिसतं त्या एकाखाली एक प्लेटा आहेत, 50 केल्विन, 4 केल्विन, मग खाली खाली, आणि प्रत्येक प्लेटला वायर घट्ट बांधून तिची उष्णता तिथेच काढून घ्यायची. शेवटच्या टप्प्यात तांबं चालत नाही, नायोबियम-टायटॅनियम लागतं, वीज नेतं पण उष्णता जवळपास नाही.

मी लॅबमध्ये नवीन होतो तेव्हा थर्मामीटरची एक केसाएवढी तांब्याची तार 4 केल्विनच्या खुंटीला गुंडाळायची विसरलो. फ्रिज 40 मिलिकेल्विनला जो अडकला तो खाली जाईना, आम्ही तीन दिवस गळती शोधतोय! शेवटी सगळं गरम करून उघडलं, खुंटीवर तारेचे दहा-बारा वेढे दिले, वार्निश लावलं, परत गार केलं. आठवडा गेला आणि सिनियरचे टोमणे वेगळे.

आणि हे नुसतं खालचं झालं. वर 4 केल्विनला जेमतेम दीड वॅट उष्णता उपसायला पल्स ट्यूबचा (वरचे टप्पे गार करणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर 10 किलोवॅटच्या आसपास वीज खातो, वर त्याला गार ठेवायला वेगळं पाणी खेळवावं लागतं, आणि दिवसरात्र त्याचं ते चूक-चूक चालूच.