मनाचे प्रश्न : धीर देऊनही भीती का जात नाही?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला ओसीडी आहे, म्हणजे नकोसे विचार येत राहतात आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते असा आजार. जंतूंच्या भीतीने तो सतत हात धुतो आणि ‘स्वच्छ झाले ना?’ असं आम्हाला विचारत राहतो. आम्ही ‘हो’ म्हणतो. सहा महिने समुपदेशन चालू आहे. तिथे बोलून त्याला मोकळं वाटतं, पण धुणं तसंच आहे. थेरपी निरुपयोगी म्हणायची का?

उत्तर : थेरपी नव्हे, बहुधा निवडलेली पद्धत चुकली आहे. मन मोकळं केल्याने ओसीडी हटत नाही. हात धुतल्याबरोबर भीती उतरते आणि ‘धुतले म्हणून वाचलो’ ही समजूत दर वेळी आणखी घट्ट होते. तुमचं ‘हो’सुद्धा तेच काम करतं.

यावर सर्वांत चांगला पुरावा असलेली थेरपी म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली तिची सुरुवात केली. भीती वाटते ती गोष्ट करायची आणि नंतरचा विधी (हात धुण्यासारखी भीती उतरवणारी कृती) करायचा नाही, एवढंच तिचं सूत्र. आधी दहा-पंधरा प्रसंगांची यादी करून प्रत्येकाला किती भीती वाटते त्यानुसार ० ते १०० गुण द्यायचे. दाराच्या कडीला बोट लावणं ३०, बुटाचा तळ हाताळणं ६०, कचऱ्याच्या डब्याला हात लावून न धुता जेवणं ९०, अशी. सुरुवात साधारण ३०-४० पासून. साठ ते नव्वद मिनिटांची बारा ते वीस सत्रं लागतात, आणि घरचा सराव रोज.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा चोरट्या विधींमध्ये. कडीला हात लावला, धुतला नाही, पण पँटला पुसला. किंवा मनात आकडे मोजले. किंवा ‘तासाभराने धुवेनच’ असं ठरवून तो तास ढकलला. मग सराव झाल्यासारखा दिसतो, शिकणं काहीच होत नाही. राहवलं नाही आणि हात धुतलेच, तर लगेच पुन्हा कडीला हात लावायचा. थेरपिस्टनेही ‘काही होणार नाही’ अशी हमी द्यायची नसते. ‘होईल की नाही ते आत्ता कळणार नाही’ हे सहन करणं हाच सरावाचा गाभा आहे. (मनगटावर रबरबँड ओढून ‘थांब’ म्हणायचा सल्ला अजूनही दिला जातो. तो सोडून द्या. दाबलेला विचार जास्तच डोकं वर काढतो.)

घरच्यांनी उत्तरं देणं एका दिवसात तोडू नये. नुसती भांडणं होतील. भावाच्या संमतीने, सत्रातच ठरवा : या आठवड्यात फक्त हातांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर नाही. त्याऐवजी म्हणा, ‘हा प्रश्न ओसीडी विचारतोय, म्हणून उत्तर देत नाही. तुला त्रास होतोय, तो दिसतोय मला.’

सध्याच्या समुपदेशकांना दोन गोष्टी विचारा. सत्रात प्रत्यक्ष एक्स्पोजर करून घेता का? ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या वाय-बॉक्स या पट्टीवर मोजमाप ठेवता का? ही पट्टी ० ते ४० गुणांची असते. गुण निदान ३५ टक्क्यांनी उतरले, तर उपचार लागू पडले असं साधारणपणे धरतात. दोन्हींना ‘नाही’ असेल, तर ईआरपी शिकलेली व्यक्ती शोधा.

प्रश्न : मला पॅनिक अटॅक येतात. हृदयाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या नॉर्मल आहेत. थेरपिस्ट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावून चक्कर आणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे. पॅनिकमध्ये भीती शरीराच्या संवेदनांचीच असते, म्हणून त्याच संवेदना मुद्दाम निर्माण करतात : मिनिटभर भराभर श्वास, मिनिटभर फिरत्या खुर्चीत गरागरा फिरणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि गरगर त्याचीच. सरावाआधी ‘मी बेशुद्ध पडेन’ अशी जी भीती असेल ती लिहा, नंतर काय झालं ते लिहा, आणि लगेच पुन्हा करा. खिशात ‘असू दे’ म्हणून ठेवलेली गोळी आणि पाण्याची बाटली हळूहळू बाजूला ठेवावी लागेल, नाहीतर वाचल्याचं श्रेय त्यांनाच जातं. मात्र अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची गोळी रोज घेत असाल, तर ती स्वतःहून अचानक बंद करू नका; फिट्स येऊ शकतात. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल, तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : ओसीडीची गोळी महिनाभर घेतली, फरक नाही. बंद करू?

उत्तर : इतक्यात नको. ओसीडीत एसएसआरआय गटाच्या (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) औषधांचा डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो (सर्ट्रालिन २०० मिलिग्रॅमपर्यंत जातं) आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. डोस वाढवायचा का, ते डॉक्टरांना विचारा. बरं वाटू लागल्यावरही साधारण वर्षभर औषध चालू ठेवतात, मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. मधेच जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.