सिंथेटिक ब्रशने दाढीचा फेस पातळच येतो आणि लगेच विरून जातो, काय चुकतंय?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की ब्रश दहा मिनिटं मगात भिजवतो, मग गालावर घासतो, तरी अर्धी दाढी होईस्तोवर फेस गायब. गडबड त्या दहा मिनिटांतच आहे. भिजवणं लागतं ते जनावराच्या केसांच्या ब्रशला, डुकराचे केस असले तर जास्तच, कारण ते पाणी पितात, फुगतात आणि मग मऊ पडतात. सिंथेटिकचे तंतू म्हणजे प्लास्टिकच, ते पाणी पीतच नाहीत, पाणी नुसतं मधल्या फटींत अडकून बसतं आणि ब्रश जरा दाबला की सगळं एकदम सुटतं. मी पण आधी तेच करत होतो, बाबांचा केसांचा ब्रश चहा होईपर्यंत लोट्यात उभा असायचा, ते पाहून मी नवा सिंथेटिक तसाच उभा केला अन पहिल्याच दिवशी पाणी कोपरापर्यंत ओघळलं, बनियन ओली.

आता मी ब्रश नळाखाली धरतो आणि लगेच दोन-तीनदा झटकतो, नुसता ओलसर ठेवतो. वडीचा साबण असेल तर त्यावर निदान अर्धा मिनिट फिरवायचा, टोकांवर दाट चिकट लेप दिसला पाहिजे. ट्यूब असेल तर बदामाएवढी घ्या, हरभऱ्याएवढी घेऊन कंजूसपणा केला की नुसते मोठेमोठे बुडबुडे येतात, त्याला फेस म्हणत नाहीत. मग वाटीत किंवा सरळ गालावर फिरवायला लागा आणि पाणी आत्ता द्या, ब्रशची फक्त टोकं बुडवून, थोडं थोडं, तीन-चार वेळा. आधी फेस कोरडा-चिकट वाटेल, घाबरू नका, पाणी देत गेलं की बुडबुडे बारीक होतात आणि घुसळलेल्या दह्यासारखी चमक येते. बोटांत चोळून बघा, सुळसुळीत लागला की थांबा. आणि जोरात दाबू नका, सिंथेटिक स्प्रिंगसारखा उसळतो, आरशावर नक्षी निघते.

एवढं करूनही जमलं नाही तर पाणी बघा. शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो ना, नावातच सगळं आहे. बोरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा साका करतं, फेस व्हायला साबण उरतच नाही. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर जो पांढरा थर चढतो ते हेच क्षार. आमच्या बिल्डिंगमध्ये नळाचं पाणी कमी आलं की टाकीत बोरचं सोडतात, त्या दिवशी त्याच ब्रशने, त्याच साबणाने फेस अर्धाच. मी तेव्हा आरओचं अर्धी वाटी पाणी घेतो, बायको हसते, हसू दे. पाणी कोमट चालेल, उकळतं नको, ब्रशच्या बुडाचा गोंद ढिला होतो आणि तंतू गळायला लागतात.

आणि मे महिन्यात कूलरच्या झोतात उभं राहून दाढी करत असाल तर चांगला फेसही गालावर वाळणारच बावा, आपल्या नागपुरात ४५ डिग्री असते. मी एका वेळी एकच गाल भिजवतो, ती बाजू झाली की दुसरी.