नागपूरहून मुंबईला विमानाने दीड तास का लागतो?

प्रश्न : नागपूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने ८३७ किलोमीटर आणि समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर आहे, विमानाने ते त्याहूनही कमी असणार. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर असतो, तर तिकिटावर सुमारे दीड तास का दाखवतात? आई-वडिलांना मुंबईत विमान बदलायचे आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर मात्र भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतात, त्यामुळे मुंबई शहरापर्यंतचे अंतर त्याहून जास्त भरते.

६८५ ला ८०० ने भागले तर सुमारे ५१ मिनिटे येतात, पण ताशी ८०० किलोमीटर हा वेग विमान साधारण दहा किलोमीटर उंची गाठल्यावरचा आहे. जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत विमानाला सामान्यतः ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासची वेगमर्यादा पाळावी लागते, आणि मुंबईत उतरण्याची तयारी दीड-दोनशे किलोमीटर आधीच सुरू होत असल्याने, एवढ्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने कापण्याजोगे अंतर निम्म्याच्या आसपासच उरते. शिवाय तिकिटावरचा वेळ केवळ उड्डाणाचा नसतो. नागपूरला विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते मुंबईत ठरलेल्या जागी थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रकात त्यासाठीही काही मिनिटे राखलेली असतात.

वाऱ्याचा भागही लहान नाही. हिवाळ्यात आपल्याकडे त्या उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. समजा समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे, तर मुंबईला जाताना ८०० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ७०० होतो आणि नागपूरला परतताना ९०० होतो. म्हणून त्या दिवसांत परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

आई-वडिलांसाठी दोन गोष्टी अंतरापेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत. पुढचे विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हे तिकिटावर आधी तपासावे, कारण हे दोन्ही विमानतळ एकमेकांपासून बरेच दूर आहेत. दुसरे, शक्य असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. तिकिटे वेगळी असतील तर सामान पुन्हा सोपवावे लागते आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. अशा वेळी मध्ये किमान चार तास ठेवावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.