जनुकीय अहवालावरून कर्करोगाचा प्रसार सांगता येतो का?

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या भाचीच्या गुडघ्याजवळची गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. अहवालात ‘सायनोव्हियल सार्कोमा, ग्रेड २’ असे निदान असून ‘एसएस१८ जनुकात फेरजोडणी आढळली’ असेही लिहिले आहे. याचा अर्थ कर्करोग फुफ्फुसांत पसरणारच, असा घ्यायचा का? आणखी एखादी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, त्या ओळीचा अर्थ तसा नाही. सायनोव्हियल सार्कोमा हा बहुधा सांध्यांजवळच्या मऊ ऊतींत होणारा कर्करोग आहे. त्याच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात एक्स आणि १८ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एसएस१८ हे जनुक एसएसएक्स गटातील जनुकाला जोडले जाते. ही जोडणी दिसली की निदान पक्के होते. गाठ पुढे कशी वागेल, हे मात्र तिच्यावरून ठरत नाही. अहवाल देताना हा फरक रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगितला जात नाही आणि घरात विनाकारण भीती शिरते, याचे मला वाईट वाटते.

याच जोडणीवरून प्रसाराचे भाकीत करता येईल, अशी आशा एके काळी होती. जोडणीत एसएसएक्स१ असल्यास रोग अधिक लवकर पसरतो आणि एसएसएक्स२ असल्यास तुलनेने उशिरा, असे १९९८ मधील एका अभ्यासात दिसले होते. परंतु २००४ मध्ये युरोपातील १६५ रुग्णांच्या अभ्यासात जोडणीच्या प्रकारापेक्षा गाठीची ग्रेडच (सूक्ष्मदर्शकाखाली ती किती आक्रमक दिसते, याची १ ते ३ अशी श्रेणी) अधिक महत्त्वाची ठरली. म्हणून अहवालात हा प्रकार नोंदवलेला असला, तरी त्यावर उपचाराचा निर्णय बेतू नये.

प्रसाराच्या शक्यतेसाठी अधिक भरवशाची वाट फ्रान्समधील बोर्दो येथील फ्रेदेरिक शिबाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवली. पेशीविभाजनाचे नियंत्रण आणि गुणसूत्रांची अखंडता यांच्याशी संबंधित ६७ जनुके गाठीत किती सक्रिय आहेत, हे मोजणाऱ्या त्यांच्या ‘सिनसार्क’ या निकषाने नेहमीच्या ग्रेडपेक्षा प्रसाराचा अंदाज चांगला बांधला. पुढे सायनोव्हियल सार्कोमातही तो उपयुक्त ठरला, आणि मुलांमध्ये हा आजार प्रौढांपेक्षा सौम्य का असतो, याचेही उत्तर मिळाले : मुलांच्या गाठींत गुणसूत्रांची मोडतोड कमी असते. ग्रेड २ हा मधला, संदिग्ध टप्पा असल्याने अशा निकषाची खरी गरज तिथेच आहे. तरीही ही चाचणी अजून नित्याच्या उपचारांचा भाग झालेली नाही, आणि ती झाली तरी शक्यताच सांगते, एका व्यक्तीचे भविष्य नव्हे. लहान मुलांच्या ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात (स्नायूंसारख्या पेशींच्या कर्करोगात) मात्र पॅक्स–फॉक्सओ१ ही जनुकांची जोडणी आहे की नाही, यावर उपचारांची तीव्रता आज प्रत्यक्ष ठरवली जाते.

आपल्या भाचीच्या बाबतीत गाठीचा आकार, ती स्नायूंच्या आवरणाखाली खोलवर होती का आणि कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का, हे आधी पाहावे. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास किरणोपचार व केमोथेरपी यांविषयी सार्कोमाचा अनुभव असलेल्या चमूचे मत घ्यावे. छातीचे सीटी स्कॅन पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि नंतर अधिक अंतराने करावे लागते. हा आजार पाच किंवा दहा वर्षांनंतरही उलटू शकतो, म्हणून पाच वर्षे पूर्ण झाली की तपासण्या थांबवू नयेत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातून गाठीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्याव्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात दुसरे मत घेताना त्या लागतातच, आणि पुढे एखादी जनुकीय चाचणी करायची ठरली, तर तीही त्याच ब्लॉकवर करता येईल.