वाचकांचे प्रश्न : कपारीतली गेरूची चित्रं

प्रश्न : आमच्या गावाजवळ सातपुड्यातल्या एका कपारीत गेरूने काढलेली जुनी चित्रं आहेत. पुसट झालीत, म्हणून पोरं पाणी मारून फोटो काढतात. मोबाइलवर नीट नोंद होईल का? (एक शिक्षक, ता. मोर्शी)

उत्तर : होईल, पण आधी ती पाण्याची बाटली काढून घ्या. ओल्या दगडावर रंग खुलतो तो घटकाभरच. मुरलेलं पाणी वाळताना खडकातले क्षार वर आणतं. त्यांचा पांढरा थर चित्रावर धरला की तो खरवडताना रंगही निघतो. खडूने रेघा गिरवणं त्याहून वाईट.

पाण्याने दिसतं त्याहून जास्त संगणकावर दिसतं. जॉन हार्मन यांचं 'डीस्ट्रेच' हे सॉफ्टवेअर रंगांतला बारीक फरक ताणून दाखवतं. त्यातल्या तयार रंगछटांपैकी गेरूसाठी वायआरई किंवा एलआरई, काळ्यासाठी वायबीके लावून पाहा. फोटो मात्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेला मूळ, हवा. नेहमीच्या दाबलेल्या जेपीजीमध्ये आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन उमटतात आणि त्यांतच हरणाचे पाय दिसायला लागतात! खडकातल्या लोहाचे डागही लाल होतात. म्हणून मूळ फोटो न बदलता वेगळा ठेवा, शंका आली की कपारीत जाऊन डोळ्यांनी ताडून पाहा.

फोटो काढताना उजेड सगळीकडे सारखा पाहिजे. अर्ध्या भिंतीवर ऊन असेल तर पांढरी चादर धरून सावली करा, फ्लॅश बंद. मोबाइल प्रो मोडवर, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, तिपाई, दोन सेकंदांचा टायमर. मोबाइल भिंतीला समांतर, चौकटीत १० सेंटिमीटरची पट्टी, पण ती चित्राला टेकवू नका. त्रिमितीय प्रतिकृती करायची तर प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन-तृतीयांश भाग यायला हवा. जागेवर उभं राहून नुसता मोबाइल फिरवला तर खोली कळत नाही, दर फोटोला पाऊलभर सरका. फोटोंच्या जोडणीला 'मेशरूम' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

जंगल असेल तर वनखात्याची परवानगी काढा. वर आग्या मोहोळ आहे का तेही बघा. नेमकं ठिकाण वहीत लिहा, ग्रुपवर टाकू नका. गुप्तधनासाठी खणणारे तिथूनच वाट काढतात.

प्रश्न : दंडारीचं (आमच्याकडच्या लोकनाट्याचं) रेकॉर्डिंग फाटकं का येतं? (एक वाचक, ता. नागभीड)

उत्तर : ढोलकीच्या थापेला आवाजाची पातळी शून्य डेसिबलला, म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल मर्यादेला, भिडते. सर्वांत जोराची थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं आधीच ठरवा, पातळी आपोआप बदलणारं 'ऑटो' बंद करा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत संग्रहात धरू नका.